गाडीनं थांबावं म्हणून

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी पाहायला गर्दी होते ती चांदीसाठी. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले, त्यांवर बुटकं इंजिन, मागे सात डबे, आणि प्रत्येक डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर. ती सात अक्षरं जोडून वाचली की 'सिंदिया' होतं. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि सिगार. पाहुण्यांसमोरून गाडी फिरायची आणि ज्याला जे हवं ते त्यानं उचलून घ्यायचं. ही श्रीमंती बघून लोक हसतात, थोडे हळहळतात आणि झुंबरं बघायला दरबार हॉलकडे निघून जातात. मला मात्र त्या गाडीतली एकच गोष्ट चांदीपेक्षा मोलाची वाटते. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबते, सुरई परत ठेवली की पुढे निघते. ज्या कारागिरानं ही युक्ती बसवली त्याला आगगाडी नेमकी कळली होती. चाकांवर पळणाऱ्या वस्तू जगात पुष्कळ. कुणासाठी तरी, ठरल्या जागी, कारणानं थांबणं हा आगगाडीचा धर्म आहे.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना रेल्वेचं वेडच होतं. टेबलावरच्या गाडीवर त्यांचं भागलं नाही. ग्वाल्हेरहून श्योपूर, भिंड, शिवपुरीकडे जाणारी दोन फुटी रुळांची लाइट रेल्वे हीसुद्धा त्यांच्याच हौसेची आणि दूरदृष्टीची निर्मिती. आम्हा धार-देवासकडच्या मराठी माणसांना ग्वाल्हेरचं कौतुक जरा हातचं राखूनच करायची सवय आहे, तरी हे मान्य करावं लागतं. माळव्यात आणि त्याच्या आसपास रुजलेल्या मराठी घराण्यांपैकी शिंद्यांनी रेल्वे जेवणाच्या टेबलावर आणली, होळकरांनी ती घाटातून चढवून इंदूरला आणली, आणि पवारांच्या धारला स्वतःचं स्टेशन मिळायला अख्खं विसावं शतकही पुरलं नाही. ज्याच्या दारात गाडी थांबत नाही त्याला थांबणाऱ्या गाडीची किंमत जास्त कळते, असं म्हणून आम्ही समाधान करून घेतो.

पण आजचा विषय राजेरजवाडे नाहीत. छोट्या मापाच्या रेल्वेचा जो पूर्ण देखावा लोक वर्षानुवर्षं खपून उभा करतात, ज्याला या छंदातली मंडळी 'लेआउट' म्हणतात, त्याचा आस्वाद कसा घ्यावा याबद्दल मला बोलायचं आहे. चावीची गाडी आणि लेआउट यांत फरक काय? चावी दिली की खेळण्यातली गाडी गोल गोल पळते, चावी संपली की मरते. तिचं थांबणं म्हणजे अपघात. लेआउटमधली गाडी सिग्नलपाशी थांबते, स्टेशनात थांबते, समोरून येणारीला वाट द्यायला थांबते. डोंगर, झाडं, घरं, पूल, फलाट, दिव्याचे खांब हा सगळा खटाटोप त्या थांबण्याला सबब पुरवण्यासाठी असतो. हे एकदा ध्यानात आलं की लेआउटकडे बघायची नजरच बदलते.

मराठी माणसाला असा लेआउट बघायचा असेल तर जागा ठरलेली आहे. पुण्यात कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर, जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. (नियतीच्या अंधाऱ्या वाटांवर कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या नावाचा रस्ता, आणि त्यावर बोगद्यांनी भरलेलं एक गाव. महापालिकेनं हा योग मुद्दाम जुळवला असेल असं वाटत नाही.) भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाचं हे फळ, १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. दालनात जुन्या-नव्या गाड्यांचे नमुने मांडलेले आहेत, पण प्राण आहे तो मधल्या छोट्या शहरात. प्रेक्षक भोवती बसतात, निवेदन सुरू होतं आणि नियंत्रण पटलावरून एकेक गाडी जागी होते. धुराचे झुबके सोडणारं वाफेचं इंजिन आहे, जर्मन धाटणीची वेगवान गाडी आहे, दोरानं डोंगर चढणारी फ्युनिक्युलर आहे. जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात १९०१ सालापासून माणसं वाहून नेणारी, वरच्या रुळाला लटकत जाणारी गाडीही इथे छोट्या रूपात हजर आहे. शिवाय सर्कस, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं मैदान. आणि पासष्टच्या घरात सिग्नल.

पहिल्यांदा गेलेला माणूस काय करतो? सगळ्यांत वेगवान गाडीच्या मागे डोळे पळवतो. ती बोगद्यात शिरली की दुसऱ्या टोकाला जाऊन वाट बघतो. पाच-सात मिनिटांत डोळे दमतात, कारण एकाच वेळी चार गोष्टी हलत असतात आणि प्रत्येक जण 'माझ्याकडे बघ' म्हणत असतो. खरं सांगायचं तर मला तिथली गर्दी थोडी जास्त वाटते. सर्कस एका कोपऱ्यात फिरते आहे, तिकडे लटकती गाडी निघाली आहे आणि निवेदक तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो आहे, अशा वेळी जत्रेत हरवल्यासारखं होतं. सार्वजनिक प्रयोगाला ही जत्रा लागतेच, मुलं त्यासाठीच येतात, त्यामुळे तक्रार नाही. पण दमलेला डोळा मग आपोआप जिथे विसावतो तिथे खरं रसग्रहण सुरू होतं. तो विसावतो लाल सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीवर.

ती गाडी उभी का आहे? कारण पुढचा टप्पा रिकामा नाही. खऱ्या रेल्वेत मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम दीडशे वर्षांच्या अपघातांतून शिकून पक्का झालेला आहे. लेआउटवर हीच शिस्त विजेनं पाळली जाते. रुळांचे तुकडे एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेले, सिग्नल लाल झाला की त्या तुकड्यातला प्रवाह बंद, गाडी उभी. नव्या डिजिटल पद्धतीत रुळांतून वीज सतत वाहते आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातल्या चिपला नावानिशी हुकूम जातो. तंत्र कुठलंही असो, बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की कुणीतरी कुणासाठी तरी थांबलं आहे. तेवढ्यानं त्या प्लॅस्टिकच्या डब्यांत माणसं बसली असावीत असा भास सुरू होतो. पळत्या गाडीत आपण माणसं कल्पीत नाही. खोळंबलेल्या गाडीत लगेच कल्पितो, कारण खोळंबा कुणालातरी होतो.

आता मापाचा हिशेब. त्याशिवाय या कलेतली चलाखी कळायची नाही. कोथरूडचा लेआउट ज्या मापात आहे त्याला एचओ म्हणतात. खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आणि त्याला ८७ नं गुणलं की युरोप-अमेरिकेचं १४३५ मिलिमीटरचं प्रमाण गेज येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. काटेकोर करायचं तर त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ हवेत, आणि तसे रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनांचे नमुने करणारे बहुतेक जण युरोपच्या रुळांवर आपलं इंजिन उभं करतात. वरून सगळं बरोबर असतं, फक्त पाय जरा जवळ घेतलेले. जाणत्याला ते खटकतं. अजाणत्याला खटकत नाही, पण काहीतरी अवघडलं आहे असं त्यालाही वाटत राहतं.

अंतराचं गणित तर पार निराशा करणारं. पुणे ते मुंबई हा १९२ किलोमीटरचा रस्ता सत्त्याऐंशीपट लहान केला तरी दोन किलोमीटरहून लांब भरतो. आजकालच्या चोवीस डब्यांच्या एक्सप्रेसचा नमुना साडेसहा मीटर होईल, म्हणजे दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फक्त गाडी आणि धावायला जागाच नाही. वळणांचंही तसंच. आपल्या घाटांतलं अगदी तीव्र ब्रॉडगेज वळणसुद्धा पावणेदोनशे मीटर त्रिज्येचं, त्याचं लघुरूप दोन मीटर. खोक्यात मिळणारे तयार वळणाचे रूळ छत्तीस सेंटिमीटर त्रिज्येचे. खऱ्या जगात एवढ्या वळणावर लांब डबा रुळावरून उतरून शेतात जाऊन बसेल.

तेव्हा लेआउट करणारा जगाची नक्कल करत नाही, तो कापाकापी करतो. चोवीस डब्यांचे पाच करतो. स्टेशनाच्या सहा फलाटांतले दोन ठेवतो. दोन स्टेशनांमधला वीस किलोमीटरचा माळ एका बोगद्यात कोंबतो. बोगदा हे या कलेतलं सर्वांत मोठं हत्यार आहे आणि त्याचं काम नाटकातल्या विंगेचं असतं: नट आत गेला, कपडे बदलून आला, मध्ये दहा वर्षं गेली असं आपण मान्य करतो. चांगला कारागीर गाडीला बोगद्यात थोडी थांबवतो. आत शिरलेली गाडी तीन सेकंदांत दुसरीकडून बाहेर पडली की डोंगर पुठ्ठ्याचा होतो. तीच अर्ध्या मिनिटानं बाहेर आली की डोंगराला पोट येतं. अंधारात, कुणी बघत नसताना गाडी उभी ठेवायची, आणि त्या उभं राहण्यानं बाहेरचं अंतर वाढवायचं, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याच्या प्रतिभेला दाद द्यायला हवी.

देखाव्याच्या कामात मराठी घरं अडाणी नाहीत. दिवाळीतला किल्ला ही आपली पिढीजात शाळाच आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर पोतं, वरून चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उगवलेलं हिरवं रान. पुण्यातल्या वाड्यांतून पायथ्याशी बोगदा करून त्यातून चावीची गाडी सोडणारी पोरंही असत, इतिहासाची पर्वा न करता. पण किल्ल्याचा मापाबद्दलचा कायदा निराळा. तिथे सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे, मावळे दरवाज्यापेक्षा उंच, आणि वाघ तर गावातल्या घरांहून मोठा. ज्याचं महत्त्व जास्त त्याचं आकारमान जास्त, हा जुन्या चित्रांतला कायदा किल्ल्यात चालतो आणि शोभतो. लेआउटमध्ये हा लाड नाही. तिथे स्टेशनमास्तरही एकोणीस मिलिमीटरचाच, आणि त्याच्या हातातली झेंडी तांदळाच्या दाण्याएवढी.

गवताचं उदाहरण घ्या. हळीव किल्ल्यावर सुरेख दिसतो, पण एचओ मापात त्याची पाती माणसाच्या डोक्यावरून जातात, ते उसाचं रान होतं. म्हणून लेआउटवाले नायलॉनचे दोन-चार मिलिमीटरचे तंतू वापरतात. जमिनीला गोंद लावायचा, वरून विजेचा भार दिलेल्या चाळणीतून तंतू सोडायचे, आणि विजेच्या ओढीनं ते आडवे न पडता ताठ उभे राहून चिकटतात. झाडाला तारेच्या पिळाचं खोड आणि स्पंजच्या भुग्याची पालवी. रुळांखालची खडी आधी कोरडी पसरायची, कुंचल्यानं स्लीपरांच्या मधे बसवायची, मग पातळ केलेल्या गोंदात साबणाचा थेंब घालून ड्रॉपरनं सोडायचा. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर मोत्यासारखा बसून राहतो, आत मुरतच नाही. मागच्या पडद्यावरचे डोंगर फिके निळसर, पुढचे गडद, आणि मागे ठेवायची घरं मुद्दाम थोड्या लहान मापाची. यातलं कुठलंही काम अवघड नाही. अवघड आहे ते हात आवरणं. खऱ्या जगात रंग फार कमी असतात आणि असतात तेही धुळीनं माखलेले. माळव्यातला माणूस हे कुणाच्याही आधी सांगेल. मार्च उजाडला की आमच्याकडे झाड, कौल, म्हैस आणि बस यांचा रंग एकच होतो.

घरं-इमारतींच्या बाबतीत कोथरूडचं छोटं शहर युरोपीय वळणाचं आहे, आणि त्याला कारण आहे. या मापाच्या तयार इमारतींचे संच करणारी फालरसारखी नावाजलेली मंडळी जर्मनीतली. उतरत्या छपरांची घरं, चर्चचा मनोरा, टाऊन हॉल हे त्यांच्याकडे डब्यात तयार मिळतं. सिमेंटची टाकी वर घेतलेलं, बाल्कनीत कपडे वाळत घातलेलं तीन मजली घर मिळत नाही. ते करायचं तर पुठ्ठा, पॉलिस्टायरीनचे पत्रे आणि स्वतःचे डोळे. पण इमारतींहून मला कठीण वाटतात ती माणसं. प्रायझर ही जर्मन कंपनी या मापाची माणसं हातानं रंगवून विकते आणि त्यांचं कौशल्य थक्क करणारं आहे. ती माणसं मांडताना मात्र नवखा हमखास फसतो. धावणारा मुलगा, सायकल मारणारा पोस्टमन, कुत्र्यामागे पळणारी बाई अशी गमतीदार माणसं तो निवडतो. पहिल्या क्षणी ती जिवंत वाटतात. दहाव्या सेकंदाला मुलाचा पाय अजून हवेतच असतो आणि शहरावर शाप पडल्यासारखं दिसू लागतं. उलट बाकावर बसलेला म्हातारा, खांबाला टेकलेला हमाल, ट्रंकेवर बसून दूर बघणारी बाई कितीही वेळ बघा, खोटी पडत नाही. ती हलत नाहीत, कारण त्यांना हलायचंच नाहीये, गाडी यायची आहे. रेल्वेचा फलाट ही जगातली बहुधा एकच गर्दीची जागा, जिथे माणसांनी निश्चल असणं स्वाभाविक आहे. म्हणून विमानतळाच्या किंवा बाजारपेठेच्या लघुरूपापेक्षा रेल्वेचं लघुरूप इतकं पटतं. जोश्यांच्या शहरातलं ते सिनेमाचं मैदान याच कारणानं मला आवडलं. तिथे मोटारी उभ्या असतात आणि त्यांनी उभंच असायला हवं.

इंजिनाकडे येऊ. छंदाच्या मासिकांत रिव्हेटांची संख्या मोजून भांडणारी माणसं असतात. त्यांना त्यांचा आनंद लखलाभ. माझी परीक्षा एकच: हे इंजिन सुटतं कसं आणि थांबतं कसं? ताशी शंभर किलोमीटरचा वेग या मापात सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर होतो. तेवढ्यानं कुणालाही पळवता येतं. खरा कस आहे तो सेकंदाला एक सेंटिमीटरनं सरकत फलाटाला लागण्यात. इथे निसर्ग आडवा येतो. लांबी सत्त्याऐंशीपट कमी झाली की वजन सत्त्याऐंशीच्या घनानं, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त, कमी व्हायला हवं. आपलं मीटरगेजचं वायडीएम-४ हे डिझेल इंजिन ७२ टनांचं. हिशेबानं त्याचा नमुना ११० ग्रॅमच्या आत यायला हवा, आवळ्या-लिंबांच्या वजनाचा. एवढं हलकं इंजिन चाकं जागीच फिरवत बसेल, म्हणून नमुन्यात शिसं किंवा ओतीव धातू भरून त्याचं वजन दुप्पट-तिप्पट करतात. तरीही वीज तोडली की ते खटकन थांबतं, कारण ७२ टनांना जी पुढे जायची ओढ असते ती त्यात नाही. त्यावर उपाय म्हणजे मोटारीच्या दांड्यावर बसवलेलं पितळी फ्लायव्हील. वीज गेली तरी ते फिरत राहतं आणि गाडीला चार-सहा सेंटिमीटर पुढे घेऊन जातं. डिजिटल चिपमध्ये ही ओढ आकड्यांनी भरता येते. थांबताना शेवटच्या दोन सेंटिमीटरांत जे इंजिन अनिच्छेनं, जड अंगानं, ब्रेकचा ताण सोसत थांबतं, त्याचे रिव्हेट चुकलेले असले तरी मी त्याला पहिला नंबर देईन.

धुराबद्दल माझं मत जरा कडू आहे. तेल तापवून काढलेला धूर कोथरूडला मुलांकडून टाळ्या घेतो, पण धुराला मापात आणता येत नाही. त्याचे लोट नेहमी मोठ्या जगाचे असतात. काजळी मात्र मापात आणता येते. खडूच्या भुकटीनं चिमणीभोवती काळं, चाकांवर गंजाचं तांबूस आणि पाण्याच्या नळाखाली ओघळलेला चुन्याचा पांढरा डाग एवढं नीट जमलं, तर बंद इंजिनसुद्धा वाफ सोडून आल्यासारखं दिसतं.

प्रयोगात दिवस मावळतो आणि शहराचे दिवे लागतात, तेव्हा सगळे प्रेक्षक पुढे झुकतात. खोलीतला प्रकाश उतरला की रंगातल्या चुका, प्लॅस्टिकची चकाकी, बोगद्यामागचं लाकूड सगळं अंधारात जातं आणि उरतात खिडक्या. उजेड असलेली खिडकी म्हणजे आत कुणी तरी आहे. हॅम्बुर्गला २००१ साली सुरू झालेल्या मिनियाटूर वुंडरलँड या अवाढव्य लेआउटमध्येही दर थोड्या वेळानं अशीच रात्र करतात, आणि तिथेही लोक तिचीच वाट बघतात.

मी माळव्यातला, त्यामुळे कुठलाही लेआउट बघितला की मनात पाताळपाणी उभं राहतं. इंदूरच्या तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं आणि एकशेएक वर्षांच्या मुदतीनं. त्यातून खंडव्याहून नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून महू आणि इंदूरला येणारी मीटरगेज लाइन झाली. ती १८७८ साली पुरी झाली. घाटाचा गाभा म्हणजे पाताळपाणी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा, जिथे २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी चालवली जाऊ लागली. चार बोगदे, एकामागून एक पूल, चाळीसला एक असा उतार आणि शेजारी चोरल नदीचा धबधबा. हा तुकडा एचओ मापात करायचा तर सलग १०९ मीटर लागतील, म्हणजे कापाकापी आलीच. माझा हिशेब असा: बोगदे चारांचे दोन, पूल तीन आणि दोन्ही टोकांना स्टेशनं.

रुळांचं मात्र नशीब चांगलं. मीटरगेजचं लघुरूप साडेअकरा मिलिमीटर होतं, आणि स्वित्झर्लंडच्या मीटरगेज डोंगरी गाड्यांसाठी बारा मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. अर्ध्या मिलिमीटरची ही तडजोड कुणाच्या बापाला कळणार नाही. इंजिन वायडीएम-४ घ्यावं, किंवा हौसच असेल तर एफ-७३४. अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली तयार झालेलं हे भारतात बांधलेलं पहिलं इंजिन, आणि तेही राजपुताना-माळवा रेल्वेसाठी, म्हणजे ज्या व्यवस्थेत होळकरांची लाइन सामील झालेली होती तिच्यासाठी. मूळ इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, मोजमापं घ्यायला सोयीचं.

धबधबा सुमारे तीनशे फुटांचा, म्हणजे लघुरूपात जवळजवळ एक मीटर. काहीही न कापता पूर्ण उंचीनं करता येईल अशी या देखाव्यातली ही एकच गोष्ट. कुणालाही वाटेल की छोटा पंप लावून खरंच पाणी सोडावं. सोडू नये. पाण्याचा थेंब सत्त्याऐंशीपट लहान व्हायला तयार नसतो, त्यामुळे खरं पाणी लेआउटवर नेहमी गळक्या नळासारखं दिसतं. पारदर्शक सिलिकॉनचे धागे काचेवर ओढून वाळवायचे, एकावर एक थर द्यायचे, कडेला पांढऱ्या रंगाचा कोरडा कुंचला फिरवायचा आणि तो पडदा कड्याला चिकटवायचा. खाली डोहात रेझिन. पडतं पाणी असं थिजवलेलंच बरं.

आणि थांबे दोन. पाताळपाण्याला इंग्रजांशी झुंजलेल्या टंट्या भिल्लाचं, आमच्याकडच्या टंट्या मामाचं, ठाणं आहे. १८८९ साली इंग्रजांनी त्याला जबलपूरला फाशी दिलं. तिथून जाणारी गाडी मामाला मान देण्यासाठी घटकाभर थांबते अशी रीत लोक सांगतात. उतार सुरू होण्याआधी ब्रेक तपासायला थांबावंच लागतं, असं रेल्वेवाले सांगतात. लेआउट करणाऱ्याला या वादात पडायचं कारण नाही. त्यानं ठाण्यासमोर वीस सेकंदांचा थांबा बसवावा, एक दगडी चौथरा, एक भगवं निशाण, आणि इंजिनाच्या पायरीवर उतरून उभा असलेला एकोणीस मिलिमीटरचा ड्रायव्हर. तो नमस्कार करतो आहे की ब्रेकच्या नळ्या बघतो आहे हे त्या मापात ओळखू येत नाही, आणि येऊ नये.

दुसरा थांबा कालाकुंडचा. कालाकुंडच्या स्टेशनावर कलाकंद मिळतो, पानाच्या द्रोणात, गाडीच्या खिडकीशी आणून दिलेला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रवाशांनी तो खाल्ला आहे. द्रोण या मापात जेमतेम एक मिलिमीटरचा. खसखशीचा दाणा हिरवा रंगवून भागेल, वर पांढऱ्याचा एक ठिपका. अडचण वेगळीच आहे. विक्रेता हात वर करून कायमचा उभा, आणि गाडी थांबेल तेव्हा डब्याची खिडकी बरोब्बर त्याच्या हातासमोर यायला हवी. पाच मिलिमीटर मागेपुढे झालं की खऱ्या जगात तो जवळजवळ हातभर चुकला, आणि कलाकंद गेला पत्र्यावर. फ्लायव्हीलच्या भरवशावर हे जमत नाही. वेग दर खेपेला थोडा वेगळा असतो, मोटार तापली की आणखी वेगळा. तेव्हा फलाटाच्या दोन फूट अलीकडे गाडीला रांगत आणणारा एक सेन्सर, आणि शेवटी रुळांच्या मधोमध लोहचुंबकावर चालणारा दुसरा. पहिला पुरतो असं सांगणारे भेटतील. त्यांनी कालाकुंडला कधी खिडकीतून हात बाहेर काढलेला नसतो.